आयनं सोडलेला कठडा

आय जिन्याखाली पडली तवा माडीवरच्या घरमालकीन बाईंनी वरनं कळशी ओतली. आयच्या तोंडात न्हाई. कठड्यावर.

सांगलीत तवा संस्थान हुतं, लढाई चालू हुती. आमी मायलेकी केराच्या गाडीवर कामाला. बैलगाडी बोळात उभी ऱ्हायची. आमी माड्यांवरची राख, खरकटं पाटीत भरून मागल्या जिन्यानं खाली आनायचं. जिने उभेच्या उभे. आन् आमाला नेम काय, तर कठड्याला शिवायचं न्हाई. विटाळ हुतो म्हनं! एक हात डोक्यावरच्या पाटीला, दुसरा लुगड्याच्या ओच्यात. आवं, पडंल न्हाई तर काय हुईल मानसाचं?

त्या सकाळी पायरी शेवाळलेली हुती. आयचा पाय सरला, पाटी गेली. हात आपसूक कठड्यावर पडला आन् घट्ट बसला. मी खालनं बघत हुते. वाचली गं बया, वाटलं.

बाई वरडल्या, "ए, कठडा सोड!"

आन् तिनं सोडला.

पडता पडता बी हुकूम ऐकला माझ्या आयनं. मला बाईंचा राग आला, आन् आयचा त्याहून जास्ती आला.

खुबा मोडला. केरावरच घालून तिला घरी आनली. मुकादम म्हनला, "उद्यापासनं तिच्या माड्या तू कर." आय काय परत उठली न्हाई. मरायच्या आदल्या दिशी मला जवळ बलिवलं. हळूच इचारलं, "बाटला का गं त्यांचा कठडा?"

तिला खुब्याचं न्हाई, कठड्याचं पडलं हुतं.

आजबी डोळा लागला की तिची बोटं दिसत्यात, उघडताना. मी झोपेत वरडते, "धर गं आय, धर!" ती न्हाई धरत. कवाच न्हाई.

आयचे दिवस घातले आन् त्याच माडीवर गेले. पाटी भरली. जिन्याच्या तोंडाशी आले. लय भ्याले हुते, खोटं कशाला बोलू? म्या कठडा धरला.

बाई वरनं वरडल्या, "ए, सोड! आयगत मरायचंय व्हय?"

न्हाई सोडला. पायरी पायरीला धरत उतरले. खाली पाटी ठिवली, वर तोंड केलं.

"धुवा बाई," म्या म्हटलं. "रोज धुवा. मी रोज धरनार."