ओटिली वाव्राचं डोकं

ओटिली वाव्राला आमची सगळी ओटाक्रिंग वस्ती संत म्हणते. म्हणू दे. तिच्या दाराशेजारी माझं दार आहे, आणि मी सांगते, तिच्याइतकी छळवादी बाई अख्ख्या व्हिएन्नात शोधून सापडायची नाही. छळते कुणाला, तर स्वतःला. पण त्याचा त्रास आम्हा सगळ्यांना.

आमच्या मजल्यावर नळ एकच, बाहेर जिन्याजवळ. सकाळी बादली घेऊन जावं तर ही आधीपासून उभी, पण पाणी भरणार सगळ्यांच्या शेवटी. "तुम्ही भरा हो, झेन्झीबाई. मला मेलीला कसली घाई?" तळघरातल्या धुण्याच्या खोलीत प्रत्येक बिऱ्हाडाचा वार ठरलेला असतो. हिचा मंगळवार. कुणीही मागावा आणि हिनं देऊन टाकावा. मग स्वतःचे कपडे स्वयंपाकघरात गार पाण्यात घासायची, आणि फुटलेली बोटं अशी धरायची की येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसलीच पाहिजेत. रविवारी गुगलहुप्फ केक भाजला की साच्याला लागून करपलेला तुकडा हिच्या बशीत. "मला तोच आवडतो." डोंबल आवडतो!

हिची बहीण लुडमिला युद्धाच्या शेवटी तापाच्या साथीत गेली. तिची मुलगी हर्मिना तेव्हा लहान होती. ओटिलीनं हातमोजे शिवून शिवून तिला वाढवलं, ते मी नाकारत नाही. पण वाढवलं असं, की पोरीनं घास उचलला तरी तिला वाटावं, हा मावशीच्या तोंडचा काढला.

त्याच हर्मिनावर माझ्या ऑटमारचा जीव जडला. पोरगी गुणाची, मलाही पसंत. ऑटमारला लिंत्सला रेल्वेच्या कारखान्यात काम मिळालं, लग्न करून येणाऱ्याला राहायला खोल्याही. दोनदा लग्नाचा दिवस ठरला आणि दोन्हीदा ओटिलीचं डोकं उठलं. पडदे ओढलेले, कपाळावर व्हिनेगरची पट्टी, आणि आवाज कसा, तर विहिरीच्या तळातून यावा तसा. "तू जा गं बाळा. माझं काय, पडून राहीन. मेले तर शेजारी आहेतच." यावर कुठली पोरगी जाईल? हर्मिना राहिली.

तिसरी तारीख ठरली तेव्हा ऑटमार मला म्हणाला, "आई, या खेपेला मोडलं तर मी एकटा जाणार. पुन्हा विचारणार नाही तिला." माझा मुलगा बोलतो कमी, पण बोललेलं बदलत नाही.

दरम्यान हर्मिनानं मावशीला मोफत दवाखान्यात घातलं होतं. तिथं मनाच्या दुखण्याचे डॉक्टर कोचावर निजवतात आणि बोलायला लावतात. ओटिली तिथंही कोचाच्या अगदी कडेवर निजायची, कापड झिजू नये म्हणून! डॉक्टर लोएबल म्हणजे गोरापान, चष्मेवाला पोरगा. त्यानं एकदा हर्मिनाला बोलावून घेतलं. मीही गेले. मला अडवणारा अजून जन्मायचाय.

"याला मॅसोकिझम म्हणतात," तो म्हणाला. "लेंबर्गकडच्या एका लेखकाच्या नावावरून पडलेला शब्द. त्याच्या गोष्टींतले पुरुष बायकांच्या पायाशी पडून मार मागतात."

"आमच्याकडे असलं काही नसतं हो," मी फटकारलं. "आमच्याकडे व्हिनेगरची पट्टी असते."

तो हसला. "प्रकार वेगळा, मूळ तेच. बहिणीच्या मरणाला आपण कारण, असं त्यांच्या मनानं धरलंय. त्यांना शिक्षा हवीय. कुणी देत नाही, म्हणून त्या स्वतःच देतात."

"मग आता?"

"आता बरं वाटायला लागलं, की त्या जास्त आजारी पडतात. बरं होणं त्यांना परवडत नाही. खरं संकट कोसळलं तर मात्र अशा माणसांचं दुखणं एकदम पळून जातं. पण ते आणणं काही आमच्या हातात नसतं."

त्यांच्या हातात नसेल. माझ्या हाताबद्दल तो काही बोलला नव्हता.

लग्नाची सकाळ उजाडली. ऑटमार खाली कोट घालून उभा. मी वर येते तो ओटिलीच्या खोलीचे पडदे ओढलेले, कपाळावर पट्टी, आणि हर्मिना कॉटपाशी बसून डोक्यावरचा फुलांचा मुकुट सोडतेय. माझं टाळकंच सरकलं.

लुडमिला गेली तेव्हा तिच्याजवळ मी होते. ओटिली दुधाच्या रांगेत होती, पोरीसाठी. घरी असती तरी काही फरक पडला नसता. डॉक्टरांनी आदल्या दिवशीच हात टेकले होते. आम्ही सगळ्यांनी तिला शंभरदा सांगितलं, ओटिली, तुझा काही दोष नाही गं. मी स्वतः सांगितलं होतं. आणि त्या सकाळी मी तिच्या कपाळावरची पट्टी ओढून काढली आणि ओरडले, "हो, तूच मारलीस तिला! ती तुझं नाव घेत होती आणि तू तिला टाकून गेलीस. मी होते तिथं. तूच मारलीस!"

लुडमिलानं कुणाचंही नाव घेतलं नव्हतं. तिला शुद्धच नव्हती.

ओटिली उठून बसली. माझ्याकडे बघत राहिली. मग कॉटवरून उतरली, तोंड धुतलं, हॅट घातली आणि म्हणाली, "चल हर्मिना, उशीर होईल." चर्चमध्ये ती पहिल्या रांगेत ताठ बसली होती. गाल लाल, डोळे कोरडे. दुपारी दोन वाट्या सूप प्याली.

त्या दिवसापासून आजतागायत तिचं डोकं दुखलेलं नाही. मंगळवार कुणाला देत नाही. नळावर धक्का मारून पुढे घुसते.

पण हर्मिनानं ते सगळं ऐकलं होतं ना. गाडीत चढताना ती मला एवढंच म्हणाली, "माझ्या आईचं मरण तुम्ही असं वापरलंत, काकू." लग्न झालं तरी काकूच. तिला मुलगी झाली, तेही मला ओटिलीकडून कळलं. ओटिली लिंत्सला जाते, नातीला मांडीवर घेते. मला बोलावणं नाही. ऑटमार नाताळात येतो, एकटाच, आणि घड्याळ बघत बसतो. संसार मी उभा केला आणि मलाच त्याचं दार बंद! संताप येतो मला, अजून येतो.

आणि ही बया दर रविवारी केक घेऊन माझ्याकडे येते. सगळ्या व्हिएन्नात तिच्याशी खरं बोललेली म्हणे मी एकटीच. परवाही आली, टेबलाशी बसली, हातमोजे काढले.

"झेन्झीबाई, म्हणा ना एकदा."

मी तिच्याकडे बघितलं. खरं काय ते जिभेवर आलं होतं. बाई गं, ती बेशुद्ध होती, तू काही केलं नाहीस, जा घरी. पण ते बोलले असते तर? पडदे ओढले गेले असते. व्हिनेगरची बाटली निघाली असती. लिंत्सहून हर्मिना लेकराला उचलून धावत आली असती, आणि माझा ऑटमार रिकाम्या खोल्यांत बसला असता.

"तूच मारलीस तिला," मी म्हटलं.

तिनं मोठा श्वास सोडला. चेहऱ्यावर रंग आला. मग सुरी घेऊन तिनं केक कापला, मनुकांनी भरलेला मधला तुकडा स्वतःच्या बशीत घेतला आणि करपलेला माझ्यापुढे सरकवला.

"चालेल ना तुम्हाला?"

"मला तोच आवडतो," मी म्हटलं.