सोफ्याखालचा गवई

माझ्या मुलीचं लग्न एका रातकिड्याने जुळवलं. मी फक्त मोडायचा प्रयत्न केला.

त्याचं असं झालं, निखिल आणि त्याची आई आमच्या विश्रांतवाडीच्या फ्लॅटवर सुजाताला बघायला येणार होते. सुजाताला तो फोटोतच आवडला होता. मी मात्र फोनवर त्याच्या आईला सांगून बसलो होतो, "आमच्या घरात मुंगीसुद्धा विचारून आत येते!" (कोणी विचारलं होतं? कुणीच नाही!)

पोह्यांच्या बशा हातात आल्या आणि नेमकं माझ्याच सोफ्याखालून सुरू झालं, किर्रर्र! मी दचकून पाय आपटला. आवाज बंद! वा, इलाज सापडला.

निखिल म्हणाला, "मी सध्या हिंजवडीला असतो..."

किर्रर्र! धप्प!

"पण बरंचसं काम घरूनच..."

किर्रर्र! धप्प!

"स्वयंपाकही येतो मला."

किर्रर्र! धप्प! (हे उत्तर तर मला फारच आवडलं होतं!)

बायको कुजबुजली, "अहो, पायाला मुंग्या आल्यात का?"

"आपल्याकडे मुंग्या नाहीत!" मी ओरडलो.

निखिलचा चेहरा उतरला. त्याच्या आईने बशी खाली ठेवली. "मुलगा पसंत नसेल तर सरळ सांगा. पाय कसले आपटताय?"

सुजाता रडवेली झाली. खरं सांगावं तर अब्रू जाते, न सांगावं तर जावई! मी पाय आवरला, तोंड उघडलं आणि त्या शांततेत सोफ्याखालच्या गवयाने खणखणीत तान घेतली.

सुजाता खुदकन हसली. "बाबा, तो नर आहे. पंखावर पंख घासून मादीला बोलावतोय. तुम्ही पाय आपटलात की त्याला वाटतं, आला कोणीतरी खायला! म्हणून गप्प बसतो."

"मलाही तसंच वाटलं, काका!" निखिल म्हणाला. त्याची आई तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

मग सुजाता आणि निखिल स्टीलचा पेला घेऊन सोफ्यामागे शिरले. किडा लगेच पेल्यात आला होता म्हणे, तरी ही दोघं बाहेर येईनात!

आता जावईबापू घरी आले की सुजाताशी तासन्‌तास गप्पा मारतात. माझी पावलं वाजली की चिडीचूप!

"बघ," मी बायकोला म्हणालो, "किती मान देतो मला!"

"हो ना," ती म्हणाली, "रातकिडासुद्धा देत होता."