अ‍ॅम्प्लिफायरचं बटण
सोल्डरिंगचा वास आला की मला आमच्या हिल्सबरोच्या घराचं गॅरेज आठवतं. हे गेल्यावर ह्यांच्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरवर सूनबाईचा डोळा आहे, असा मला दाट संशय होता. आणि एके दिवशी लाल झाकणाच्या कचऱ्याच्या बिनमध्ये त्याच्या आतल्या वायरी दिसल्याच! मी तरातरा गॅरेजात सूनबाईकडे गेले. "फेकलास ना अखेर?" "अहो आई, फक्त जळलेलं काढलंय. त्याचा मिडी कंट्रोलर केलाय. बटण फिरवलं की लॅपटॉपमधला तंबोरा वाजतो." मला कुठलं पटायला! बटणंही बदलली असतील, म्हणून चष्मा लावून पाहिलं. आवाजाच्या बटणाच्या खाचेत, दर दसऱ्याला मी लावलेलं कुंकू तसंच होतं. हळूच फिरवलं, तर तंबोरा गॅरेजभर घुमला. हल्ली दसऱ्याला मी लॅपटॉपलाही कुंकू लावते, आणि संशयाने बघत उभी असते ती सूनबाई.