आष्ट्याचे काका

सासूबाई माझ्या पासपोर्टवर बसल्या.

खोटं वाटेल, पण तसंच झालं. साताऱ्यातल्या आमच्या घरात, हॉलमध्ये, पाहुण्यांसमोर. दुसरीत शिकणाऱ्या माझ्या मुलीने कपाटातली कागदपत्रांची पिशवी आणली. त्यातून पासपोर्ट घसरून सोफ्यावर पडला. सासूबाईंनी पदर सावरल्यासारखं केलं, तो हळूच स्वतःखाली ओढला आणि वर बसल्या. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्याचा अर्थ मला लग्नापासून पाठ आहे. गप्प राहा.

विषय जहाजाचा होता. सासऱ्यांना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होणार होती. कोरेगावकडचे पाटील ते. हॉल घेऊन जेवणावळी घालणं आता कोणीही करतं, म्हणून सगळ्या घराने मिळून क्रूझवर जायचं ठरलं. मुंबईहून गोव्याला, जहाजावर केक कापायचा. औंधहून सासऱ्यांच्या बहीण, आमच्या आत्याबाई, मुलाला घेऊन आल्या होत्या. बुकिंग तो करणार होता. टीपॉयवर सगळ्यांची कार्डं पसरून तो एकेकाचा मोबाइलवर फोटो काढत होता.

"आधार, पासपोर्ट, मतदान कार्ड, लायसन, काय बी एक द्या," तो म्हणाला. "पर तिकिटावर त्येच नाव येनार. जुळलं न्हाई तर बंदरावरनं माघारी पाठवत्यात."

"हिचं आधार घे," सासूबाई म्हणाल्या.

माझ्या आधारवर त्यांनी ठेवलेलं नाव आहे. पासपोर्टवर माझ्या बापाने ठेवलेलं.

मी नर्स होते. मिरजेच्या एका मोठ्या दवाखान्यात. सासऱ्यांचं हृदयाचं ऑपरेशन तिथे झालं. त्यांना कुशीवर वळवणं, पाठ पुसणं, भांडं देणं, सगळं मी केलं. छातीवरच्या पट्टीवर माझं फक्त पहिलं नाव असायचं. आडनाव कोणी विचारलं नाही. दुखत असताना माणूस आडनाव विचारत नाही. त्यांचा मुलगा रोज डबा घेऊन यायचा. तो माझ्यात गुंतला, मी त्याच्यात. आडनाव नंतर कळलं. मग घरात भूकंप झाला.

आम्ही बौद्ध. आष्ट्याचे. माझा बाप नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात कामाला होता. पहाटे उठून गल्लीगल्लीचे व्हॉल्व्ह फिरवायचा. अख्ख्या आष्ट्याच्या नळाला पाणी सोडायचा. आई मी कॉलेजात असतानाच गेली.

मुलगा हट्टाला पेटला म्हणून सासूबाईंनी तोड काढली. नाव बदलायचं आणि माहेर पुसायचं. लग्नात नवऱ्याने तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहिलं. पेढे वाटले. असं कितीतरी सुनांचं होतं, त्यात नवल नाही. नवल पुढचं होतं. सासूबाईंनी जमलेल्या बायकांना सांगितलं, "पोरगी लांबची हाय, विदर्भाकडची. आयबाप न्हाईत तिला."

माझा बाप त्या दिवशी आष्ट्याला घरी बसला होता. नवे कपडे शिवले होते त्याने. तसेच घडी करून ठेवले.

लग्नाला येऊ नको, तू हयात नाहीस असं सांगणार आहेत, हे त्याला आधी जाऊन सांगितलं होतं मीच.  तो म्हणाला, "तुजं चांगलं व्हतंय न्हवं? मग मी मेलो तर मेलो."

नवरा म्हणाला होता, थोडे दिवस. मूल झालं की सगळं सुरळीत होईल. मूल झालं. बारशाला औंधपासून कोरेगावपर्यंतची भावकी जेवून गेली. बापाला मी नात दाखवली ती सांगलीच्या एसटी स्टँडवर. मैत्रिणीला भेटायला जाते असं घरी सांगून जायचे. बाप बाकावर आधीच येऊन बसलेला असायचा, हातात भडंगाचा पुडा. मुलगी बोलायला लागली तेव्हा त्यानेच तिला शिकवलं, "काका म्हन गं पोरी. आजोबा म्हनू नगं. घरी बोलून जाशील."

आष्ट्याचे काका. सख्ख्या नातीचा काका झाला माझा बाप.

तो निवृत्त झाला. दर वर्षी बँकेत जाऊन हयातीचा दाखला देतो, तेव्हा पेन्शन सुरू राहते. सरकारला पटतं की हा माणूस जिवंत आहे. आमच्या घराला पटत नव्हतं.

आणि तो पासपोर्ट. लग्नाआधी मला आखातात नोकरीला जायचं होतं म्हणून काढलेला. बाप रजा टाकून सोबत आला होता, इस्त्रीचा शर्ट घालून. घरी पासपोर्ट आला तेव्हा मी त्याला शेवटचं पान दाखवलं. त्यावर त्याचं नाव छापलेलं. त्याने बोट फिरवलं त्यावर. "आता सरकारनंच लिवून दिलंय की," म्हणाला, "तू माजी हायस म्हून."

त्यावर सासूबाई बसल्या होत्या.

"आजी, तू आईच्या पासपोर्टवर बसलीयेस," मुलगी म्हणाली.

सगळे हसले. आत्याबाई तर खूपच. "आगं वयनी, ऊठ की! हिचा पासपोर्ट हाय व्हय? लय पोचलेली निघाली की ही."

"बाद झालाय त्यो," सासूबाई म्हणाल्या. "जुना हाय."

मी चहा देत होते. आत्याबाईंच्या हातात कप दिला. माझ्या हातचा चहा त्यांना फार आवडतो. दर खेपेला आणखी अर्धा कप मागतात. माझ्या पुरणपोळ्या बांधून औंधला नेतात. तोवर मुलीने पासपोर्ट ओढून काढला होता. तिला इंग्रजी वाचता येतं, त्याचा भारी तोरा. शेवटचं पान उघडून अडखळत मोठ्याने वाचायला लागली. आधी माझ्या बापाचं नाव, आडनावासकट. मग आईचं. मग पत्ता.

"आष्टा! आई, आष्टा म्हणजे आपले काका राहतात तेच ना?"

 नवरा मोबाइलमध्ये तोंड घालून बसला. सासऱ्यांनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. त्यांची पाठ मी पुसली होती. तीच पाठ त्यांनी माझ्याकडे केली.

"हे वडिलांचं नाव कुणाचं आहे, आजी?"

सासूबाईंनी मुलीला जवळ ओढलं. "त्ये वारलं बाळा. तुज्या जन्माच्या आदीच वारलं." आवाज इतका मऊ की कोणालाही खरं वाटावं.

  मला लग्नात राग आला नव्हता, बारशाला आला नव्हता. माझ्या मुलीच्या तोंडासमोर माझ्या बापाला पुन्हा मारलं तेव्हा आला. हातातला ट्रे मी टीपॉयवर ठेवला, कार्डांवरच.

"वारले नाहीत," मी म्हणाले. "हे तुझे आजोबा. ज्यांना तू आष्ट्याचे काका म्हणतेस ना, तेच. माझे वडील. जिवंत आहेत."

मुलीचं तोंड उघडंच राहिलं. आत्याबाईंनी पासपोर्टकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग हातातल्या कपाकडे. आडनाव त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी कप खाली ठेवला. अर्धा चहा तसाच.

इतकी वर्षं माझ्या हातचं खाल्लं. एका आडनावाने तो चहा नासला.

मी त्यांच्या मुलाकडे पासपोर्ट धरला. "माझं तिकीट या नावाने काढा."

त्याने घेतला नाही. आईच्या तोंडाकडे बघत राहिला.

"घराची अब्रू चव्हाट्यावर आणलीस," सासूबाई म्हणाल्या.

"तुमची अब्रू माझ्या बापाच्या मरणावर उभी असेल तर पडू दे," मी म्हणाले.  

पाहुणे गेल्यावर नवरा म्हणाला, "काय गरज होती? जहाजावर नाव बघायला कोण येणार होतं? आधार दिलं असतंस तर भागलं असतं." मी विचारलं, "कुणाचं भागलं असतं?" तो उठून आत गेला. दोन दिवसांनी त्याने सांगितलं की तुम्ही दोघी थांबा, आपण नंतर वेगळं जाऊ, आत्ता वातावरण बरोबर नाही. वातावरण. जसं काय समुद्र खवळला होता.

ते सगळे गेले. सासऱ्यांचा केक जहाजावर कापला गेला. घरच्या ग्रुपवर फोटो येत होते, पांढऱ्या टोप्या, निळं पाणी. मी मोबाइल पिशवीत टाकला आणि मुलीला घेऊन एसटीने आष्ट्याला गेले. स्टँडवरच्या बाकावर नाही. घरी. दिवसाढवळ्या.

बाप ओट्यावर बसून चपलेचा अंगठा शिवत होता. मुलगी लांबूनच ओरडली, "आजोबा!"

तो दचकून उठला. इकडेतिकडे बघायला लागला, चोरी पकडल्यासारखा. "हळू गं पोरी, हळू. कुनी ऐकंल."

आपल्याच दारात, आपल्याच नातीला.   मी मुलीला म्हणाले, "अजून मोठ्याने म्हण." तिने म्हटलं. शेजारच्या दारातून बायका बाहेर आल्या. बाप उभा राहिला, चप्पल हातात तशीच. त्याची भीती गेली नाही. इतक्या वर्षांची आहे, एका हाकेने कशी जाईल? आम्ही निघताना तो म्हणालाच, "तुजा संसार मोडंल गं."

संसार मोडलेला नाही. मी साताऱ्यातच आहे. त्या घरातून मी का जाऊ? सासूबाई माझ्याशी बोलत नाहीत, नवरा गरजेपुरतं बोलतो. नाव परत बदलून घ्यायचा अर्ज मी केला आहे. दवाखान्यातल्या नोकरीसाठीही, बापाच्या आडनावानेच.

आणि एक नेम धरला आहे. घरी जो पाहुणा येईल, त्याला चहा मीच देते. कप त्याच्या हातात ठेवते आणि सांगते, "माझे वडील आष्ट्याला असतात," आणि आडनाव सांगते. पूर्ण, स्पष्ट. मग आत जात नाही. तो चहा पितो की खाली ठेवतो, ते समोर उभी राहून बघते.