ठेवणीतला फोटो

पिलनामची जीभ सगळ्या नामहे बेटाला ठाऊक होती. मासळीवाल्यापासून गावच्या मुखियापर्यंत तिच्या तडाख्यातून कोणी सुटलेलं नव्हतं. बोलायला तिला कधी अडलं नाही. लिहायला मात्र ती शिकली अडुसष्टाव्या वर्षी, गावच्या सभागृहात, इतर म्हाताऱ्यांच्या बरोबर चटईवर बसून. आता चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्याच चटईवर ती पुन्हा बसली होती, हातात मोबाइल घेऊन. तालुक्याहून दर मंगळवारी बांग मॅडम यायच्या आणि सगळ्यांना काकाओवर, म्हणजे मोबाइलवरून निरोप धाडायच्या ॲपवर, खातं उघडायला शिकवायच्या.

बाकीच्या बायकांना फुलांचे फोटो पाठवायचे होते, देवळाच्या ग्रुपमध्ये शिरायचं होतं. पिलनामला यातलं काही नको होतं. तिला एकाच माणसाला एकच निरोप पाठवायचा होता: राजधानीत, सोलला राहणाऱ्या आपल्या मुलाला, जेग्यूला. तीन वर्षं मायलेकरं बोलली नव्हती.

बाप गेला तेव्हा जेग्यू कामासाठी परदेशात होता. तो पोचला तिसऱ्या दिवशी, शवपेटी उचलायच्या वेळेला. सगळ्या भावकीसमोर पिलनाम म्हणाली होती, "आज तरी कशाला आलास? पुरून येतो आम्ही. तू ये सावकाश, सवड झाली की."  त्याने खाली मान घालून उदबत्ती लावली, तो टेकडीवर गेला, माती लोटली आणि तिथूनच परत फिरला. त्यानंतर सणासुदीला फळांची पेटी तेवढी यायची. त्याने फोन केला नाही, आणि तिनेही नाही. फोनवर आपल्या तोंडून पुन्हा काय निघेल, याचीच तिला धास्ती होती. लिहिताना निदान एकेक अक्षर शोधावं लागतं. वाईट काही घसरून जायला वेळच मिळत नाही.

"आजी, इथे तुमचं नाव टाका," बांग मॅडम म्हणाल्या.

गावात तिला सगळे जेग्यूची आईच म्हणायचे. तिने तसंच टाकलं. मग त्याला चालेल की नाही, या विचाराने पुसलं आणि पिलनाम असं लिहिलं.

"आता फोटो. हसा बघू जरा."

तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. लसूण काढायचे दिवस होते, उन्हाने चेहरा करपून गेला होता. असलं ध्यान पोराला दाखवायचं? "घरी चांगला आहे," ती म्हणाली. "कसा लावायचा तेवढं सांगा."

चांगला फोटो कपाटात चादरीत गुंडाळून ठेवलेला होता. दोन वर्षांपूर्वी शहरातली काही सेवाभावी मंडळी आली होती. त्यांनी गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांचे केस बसवले, ओठ रंगवले, अंगात हानबोकचा पारंपरिक पोशाख चढवला आणि एकेकीचा फोटो काढून चौकटीत घालून दिला. तो कशासाठी, हे सगळ्यांनाच माहीत होतं. शेवटच्या दिवशी शेवंतीच्या फुलांत ठेवायचा तो फोटो. कोणी डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. कोणाच्या सुरकुत्या जास्त पुसल्या यावरून मात्र जुंपली होती. इतकी देखणी पिलनाम लग्नातसुद्धा दिसली नव्हती. घरी येताच तिने चौकट तांदळाच्या पोत्याला टेकवली, मोबाइलने तिचा फोटो काढला आणि खात्यावर लावला.

मग निरोप. दोन शब्द लिहायला पाव तास गेला. पाठवल्यावर शेजारी एकचा पिवळा आकडा उमटला. समोरच्याने वाचलं की हा आकडा जातो, असं मॅडमनी सांगितलं होतं. तेव्हा बारा वाजले होते.

ती अंगणात लसणाच्या जुड्या बांधायला बसली. मोबाइल पालथ्या घमेल्यावर ठेवला. जरा वेळाने शेजारची मिजोवाली डोकावली. मिजो गावाहून लग्न होऊन आली, म्हणून जन्मभराची मिजोवाली.

"लावलास का फोटो? बघू." आणि तिने कपाळावर हात मारला. "अगं बाई, हा तर तुझा जायचा फोटो!"

"चांगला आलाय म्हणून लावला."

"चांगला कसला डोंबलाचा! तीन वर्षांनी पोराला तोंड दाखवतेयस, ते असं? तो म्हणेल, म्हातारी मरायची धमकी देतेय. जिभेने डागून पोट भरलं नाही, आता फोटोने डागतेय."

 हे पिलनामच्या डोक्यातच आलं नव्हतं. "काढ तो. काढ आधी!"

"मला येत असतं तर माझ्या फोटोत तोंडाच्या जागी निम्मा अंगठा असता का?"

दोघींनी मिळून सगळं दाबून पाहिलं. एकदा आभाळ दिसायला लागलं, एकदा कुठलं तरी गाणं सुरू झालं. फोटो तिथेच. बांग मॅडम फोन उचलेनात. मिजोवाली जेवायला निघून गेली आणि पिलनाम त्या आकड्यासमोर एकटी उरली.

दोन वाजले. आकडा होता. तीन वाजले, आकडा होताच. त्याने फोटो पाहिला असणार आणि तोंड फिरवलं असणार. का नाही फिरवणार? दारात आलेल्या पोराला हाकलणारी आई, तिने मरणाचा धाक घालावा, यात त्याला नवल ते काय वाटणार? 'धमकी नाही' असं लिहावं म्हणून तिने मोबाइल उचलला. तेही धमकीसारखंच वाचलं गेलं तर? तिने तो खाली ठेवला. शंभराची जुडी तिने तीनदा मोजली आणि तिन्ही वेळा वेगळी भरली. तिला रडू येत होतं. आपण हे खातं उघडलंच का, असं तिला झालं.

ऊन टेकडीआड जायला लागलं तेव्हा गल्लीच्या तोंडाशी एक गाडी थांबली. चढावर कोणीतरी धावत येत होतं. काळा सूट, काळा टाय. फाटकापाशी येऊन तो थबकला. अंगणात गर्दी नव्हती, दाराला मयताचा कंदील नव्हता. लसणाच्या ढिगात आई बसली होती. तो होता तिथे, लसणाच्या पातीवर, मटकन बसला.

"जेग्यू?" पिलनाम उठली. "काळे कपडे का रे? कोण गेलं?"

त्याने नुसता मोबाइल तिच्यापुढे धरला. त्यावर तिचा फोटो होता. ठेवणीतला.

"हल्ली मयताचा निरोप गेलेल्याच्याच फोनवरून येतो, आई."

"अरे मग वाचायचास तरी!"

"हिंमत झाली नाही. फोनही करवेना, दुसऱ्याच कोणी उचलला तर? न वाचताच गाडी काढली." त्याचा श्वास अजून बसला नव्हता. "या वेळी तरी उशीर व्हायला नको म्हणून."

पिलनामला बोलायला शब्द सापडला नाही. आयुष्यात पहिल्यांदा. तीन वर्षांपूर्वीचं आपलं वाक्य तिला जसंच्या तसं ऐकू आलं आणि आपली जीभ तेव्हाच झडली असती तर बरं, असं वाटलं.

"आता वाच," ती कशीबशी म्हणाली.

त्याने बोट टेकवलं. घमेल्यावरच्या मोबाइलमधला आकडा गेला. 'जेवलास का?' एवढंच लिहिलेलं होतं. ते दोन शब्द तो कितीतरी वेळ वाचत राहिला.

"नाही जेवलो," तो म्हणाला, आणि काळ्या बाहीत तोंड खुपसून लहान मुलासारखा रडायला लागला.

"मग हात धू," पिलनाम म्हणाली आणि भात टाकायला आत गेली.