गोल पिन, चपटं भोक

माझे वडील लाऊडस्पीकर भाड्याने द्यायचे. डोणगावच्या आजूबाजूला लग्न असो, जयंती असो की कुणाचा सत्कार, आमचे भोंगे आधी पोचायचे आणि पाहुणे नंतर. अशा घरात वाढलेल्या माणसाचा एका गोष्टीवर ठाम विश्वास असतो. कोणतीही वायर कोणत्याही वायरीला जोडता येते. दातानं सोलायची, पीळ द्यायचा, वरून चिकटपट्टी मारायची. पिन तुटली तर पिनेवाचून, भोक सैल झालं तर आगपेटीची काडी खुपसून, पण भोंगा वाजलाच पाहिजे. मी पुढे शिकले, शिक्षिका झाले, नांदुऱ्यात घर बांधलं, पण हा विश्वास काही सुटला नाही. त्यानंच यंदा मला असं तोंडघशी पाडलं की विचारू नका.

त्याचं झालं असं. वडील गेल्यापासून आई माझ्याकडे असते. आमच्या वस्तीतल्या विहारात दर पौर्णिमेला संध्याकाळी बायकांची वंदना होते आणि ती सांगते आई. सांगते म्हणजे ती एक ओळ म्हणते, मग सगळ्या बायका तीच ओळ म्हणतात आणि त्यांची संपली की ही पुढची उचलते. इथं आल्या आल्या बायकांनी तिचा आवाज ऐकला आणि हा मान तिला दिला. तिला दुसरा कसलाच शौक नाही. पौर्णिमेला सकाळपासून पांढऱ्या साडीची इस्त्री चालते. मी केलेली पसंत पडत नाही, म्हणून ती पुन्हा करते.

पण आईचे कान गेले. कानाचं मशीन आणलं तर ते शिट्टी मारतं म्हणून तिनं बिस्किटाच्या डब्यात ठेवून दिलं. विहारात ती पहिल्या रांगेतल्या बायकांच्या ओठांकडे बघून अंदाज बांधायची. एका पौर्णिमेला तो अंदाज चुकला. बायका ओळीच्या मध्यावर होत्या आणि आईनं पुढची ओळ उचलली. अर्ध्या बायका इकडे, अर्ध्या तिकडे, नुसता गलका. कुणी हसलं नाही. पण घरी आल्यावर चप्पल काढता काढता आई म्हणाली, "पुढची पौर्णिमा सांगीन अन् मंग बस. दुसरीले सांगू द्या."

"काऊन?" मी ओरडले. तिच्याशी सगळं ओरडूनच बोलावं लागायचं.

"मले ऐकू येऊन नाही राह्यलं. लोकाइची वंदना कायले बिघडवू?"

एखादीला अशा वेळी रडू आलं असतं. मला राग आला. माझं असंच आहे. भोंगेवाल्याच्या बायकोपर्यंत आवाज पोचत नाही म्हणजे काय! पौर्णिमा यायच्या आत मी हिला ऐकवूनच दाखवते, असं मनाशी ठरवलं आणि कंबर कसली.

माझ्या नव्या फोनमध्ये एक सोय आहे. सेटिंगमध्ये उगाच बोटं घालताना मला ती सापडली होती. फोन समोरचा आवाज पकडतो, मोठा करतो आणि कानात सोडतो. आधी मी माझे बिनवायरीचे इवलेसे इअरबड तिच्या कानात घातले. तिला ऐकू आलं, पण तिचं तोंड वाकडंच झालं. "तू तोंड मिटते अन् मंग आवाज येते," ती म्हणाली. खरंच होतं. हवेतून यायला आवाजाला जरा उशीर लागत होता, आणि ओळीमागे ओळ उचलायची असताना तो उशीर कसा चालणार? वरून डावा बड वरणात पडला.

मग मला वडिलांचे हेडफोन आठवले. लग्नात भोंग्यांच्या मशीनचा आवाज तपासायला ते हे लावून बसायचे. वाटीएवढ्या गाद्या, आणि वायर इतकी लांब की मांडवाच्या टोकापर्यंत जाईल. माळ्यावरच्या पेटीतून ते काढले, पुसले, आणि गोल पिन हातात धरून फोनमध्ये भोक शोधू लागले. फोन चारही बाजूंनी फिरवला. कव्हर काढून बघितलं. भोक एकच, चार्जरचं, तेही चपटं. मला कोणी हे सांगितलंच नव्हतं! म्हणजे दुकानात सांगितलं असेल, पण तेव्हा मी कॅमेरा बघत होते.

आता पुढे जे केलं ते भोंगेवाल्याची पोरच करू शकते. चार्जिंगची जुनी वायर कापली. हेडफोनची पिनही कापली. चार्जरच्या वायरीत लाल, काळी, पांढरी, हिरवी अशा चार तारा निघाल्या. लालमध्ये करंट असतो एवढी अक्कल होती, म्हणून ती तेवढी सोडली. काळी हेडफोनच्या तांब्याच्या उघड्या तारेला, पांढरी एका कानाला, हिरवी दुसऱ्या कानाला. पीळ दिला, चिकटपट्टी मारली, वडिलांसारखीच शेवटी वर एक फुंकरही मारली. आई शेजारी बसून बघत होती. "फोन जाळशील वं," एवढंच म्हणाली.

फोन जळला नाही. पण वाजलाही नाही. मी पीळ सोडला, तारांची अदलाबदल केली, फोन बंद करून चालू केला, शेवटी फोनला शिव्या घातल्या. कानात ढिम्म काही नाही. आयुष्यात पहिल्यांदाच वायर वायरीला जोडून आवाज आला नव्हता. माझा असा संताप झाला की मी सगळं तसंच टाकून कणीक मळायला गेले.

बरं झालं गेले. परात पुढ्यात घेऊन बसले आणि डोकं जाग्यावर आलं. हात धुतले, इंटरनेटवर वाचत बसले आणि उजेड पडला. त्या चपट्या भोकातून माझा फोन आवाज देतच नाही, नुसते आकडे देतो. म्हणजे तो पीठ देतो आणि कानाला भाकर लागते. मध्ये थापायला कुणीतरी हवं. ते काम करणारी एक चिप असते आणि ती बसवलेली बोटभर वायर बाजारात मिळते, एका टोकाला चपटी पिन, दुसऱ्या टोकाला गोल भोक. मला इतका आनंद झाला की मी आईला गदगदा हलवून हे सगळं सांगितलं. तिला एक अक्षर ऐकू गेलं नाही, तरी तीही हसली.

कापलेल्या वायरीला नवी गोल पिन मीच सोल्डरिंग करून बसवली, तेवढं घराण्याचं येतं. मग बसस्टँडजवळचं मोबाइलचं दुकान गाठलं. दुकानदारानं एक तुकडा काढून दिला. मी तिथंच लावला. शांतता.

"मॅडम, तुमचा फोनच खराब असन," तो म्हणाला आणि त्यानं तोच तुकडा स्वतःच्या फोनला लावून गाणं वाजवून दाखवलं.

कालची मी असते तर भांडून निघून आले असते. पण आता मी शिकून आले होते! काही फोन त्या भोकातून थेट आवाजही सोडतात, त्यांना साधा तुकडा चालतो. माझा सोडत नाही. "भाऊ, आत चिप असलेला द्या," मी अशा ऐटीत म्हटलं की त्यानं मुकाट्यानं मागच्या खिळ्यावरचं पाकीट उतरवलं. त्यातला तुकडा लावला आणि कानात खस्स झालं. मग रिक्षाचा हॉर्न, दुकानदाराचं खोकणं, पलीकडच्या रसवंतीची घुंगरं. मी भर दुकानात ओरडले, "वाजलं!" आणि सगळे माझ्याकडे बघत असताना हेडफोन डोक्यावर तसेच ठेवून घरी आले.

घरी आल्या आल्या ते आईच्या कानांवर चढवले. फोन टेबलावर ठेवला आणि आवाज न वाढवता विचारलं, "आई, चहा घेते का?"

ती दचकली. "हाव," म्हणाली. मग वर बघितलं. "माय वं, हा पंखा एवढा वाजते?" त्यानंतर ती फोन धरून घरभर हिंडली. नळ ऐकला, कुकर ऐकला, शेजारीण नवऱ्याला काय बोलते तेही ऐकलं. ते ऐकायला ती जरा जास्तच वेळ खिडकीशी थांबली. वस्तीमागच्या रुळांवरून मालगाडी गेली तेव्हा तर दोन्ही हातांनी हेडफोन दाबून धरले आणि डोळे मिटून शेवटच्या डब्यापर्यंत ऐकली.

पौर्णिमेला पांढऱ्या साडीवर काळे हेडफोन घालून आई विहारात समोर बसली. बायका टकामका बघत होत्या. मी फोन पहिल्या रांगेसमोर उशीवर ठेवला आणि लांब वायर तिच्यापर्यंत नेली. आईनं पहिली ओळ म्हटली. बायकांनी म्हटली. तिनं दुसरी म्हटली, बायकांनी म्हटली. सगळं जाग्यावर पडत होतं. मी माझ्याच मांडीवर थाप मारली.

आणि आई मध्येच थांबली. वायर निघाली की काय?

"काऊन वं," ती बायकांना म्हणाली, "एवढ्या रेंगाळून काऊन म्हणून राह्यल्या? जेवल्या नाहीत का?"

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. शेवटी समोर बसलेली आमची शेजारीण म्हणाली, "आजी, आम्ही तुमच्यासाठीच हळू म्हणतो. तोंड मोठं उघडून. तुमाले ओठ दिसले पाह्यजे म्हून."

"कव्हापासून?"

"लय दिवसाचं. ठरवलंच होतं आम्ही."

मला यातलं काही माहीत नव्हतं. मी त्याच बायकांमध्ये बसायचे, मीही त्यांच्याच सुरात रेंगाळत म्हणायचे, आणि मला वाटायचं वंदनेची चालच तशी आहे. आई हेडफोन सारखे करत सगळ्यांकडे बघत राहिली. प्रत्येकीकडे, शेवटच्या रांगेपर्यंत. तिचे डोळे भरले होते, पण आवाज ठणठणीत होता. "बरं," ती म्हणाली. "आता म्हणा मंग."

आणि आईनं पुढची ओळ अशी उचलली, त्यामागे लगेच पुढची, त्यामागे आणखी पुढची, की आमची दाणादाण उडाली. सुटली होती नुसती. आमचा श्वास पुरेना, कुणी ओळीचं शेपूट सोडून दिलं, कुणाला हसू आवरेना. शेवटच्या रांगेतून एक बाई अगदी हळू, शेजारणीला सांगावं तशी म्हणाली, "आजी, जरा दमानं."

आईनं मान वर केली, तिच्याकडे बघितलं आणि पुढची ओळ तिच्यासाठी हळू म्हटली.