मालकांचा राखणदार

स्वतःच्याच घराला इतका घाबरणारा घरमालक मी दुसरा पाहिला नाही. लातुरात शिकवण्यांचं पीक आलं तेव्हा ज्याच्याकडे थोडीफार जागा होती त्याने तिच्यावर मजले चढवले. आमच्या मालकांनीही चढवले, खोल्या पाडल्या, त्यांत गावोगावची बारावीची पोरं भरली आणि स्वतः मात्र बायकोसह अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये राहिले. ते मूळचे किल्लारीचे. भूकंपानंतर लातुरात आले ते पुन्हा कधी स्लॅबखाली झोपले नाहीत. नळाची तक्रार ऐकायला वर आले तरी उंबऱ्याबाहेर उभे राहत. चहा दिला तर कप घेऊन हळूहळू जिन्याकडे मागे सरकत. लग्नाला गेले की आधी कार्यालयाचे खांब बोटांनी ठोकून बघत आणि जेवायला मात्र मंडपवाल्याच्या टेम्पोत जाऊन बसत. "मालक, मग आम्हाला कामून ठेवता हो या स्लॅबखाली?" असं मी एकदा विचारलं. ते शांतपणे म्हणाले, "तुमी जवान पोरं. पळताल."

पळायचं तर वेळेवर कळलं पाहिजे, ही त्यांची खरी चिंता. सुरुवातीला ते उशाशी पितळेचे तांबे एकावर एक रचून झोपत. जमीन हलली की तांबे पडतील आणि जाग येईल, हा हिशोब त्यांनी गावाकडे भूकंपानंतरच्या तंबूतच बसवला होता. पण लातुरातली मांजरं तो हिशोब रोज चुकवू लागली. मग एक दिवस कुंपणाच्या एरंडावर त्यांना सरडगुहिरा दिसला. रंग बदलणारा, पाऊल टाकण्याआधी दहादा डोलणारा. आमच्याकडे गुहिरा दिसला की विषारी म्हणून लोक दगड शोधतात. मालकांनी मात्र त्याला फांदीसकट घरी आणला. "कुत्रं झोपतं," ते म्हणाले. "ह्याचा एक डोळा फुडं, एक मागं. ह्याच्या नजरंतून काय सुटतंय?"

वन्य प्राणी पाळणं हा गुन्हा आहे आणि भूकंपाची चाहूल गुहिऱ्याला लागते याला काडीचाही पुरावा नाही, असं मी त्यांना मुद्देसूद सांगितलं. आमच्या घरी वर्तमानपत्रापेक्षा अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीची पत्रकं जास्त यायची, त्यामुळे मला मुद्देसूद बोलायची सवय होती. मालकांनी सगळं ऐकून घेतलं. "झालं का? आता जरा सरक. त्याच्या अन् दाराच्या मधात तू उभा हायस."

गुहिऱ्याची बडदास्त मोठी होती. कोपऱ्यातली पिठाची गिरणी मालकांचीच. तिच्या सांदीतल्या जुन्या पिठात पांढऱ्या अळ्या होत, त्या ते चिमटीने वेचून त्याच्यापुढे धरत. सकाळी अळ्या, संध्याकाळी अळ्या. दुसरं काही घालून बघा म्हटलं तर म्हणत, "गव्हाच्या पिठावर वाढलेली अळी हाय. खानदानी खुराक." जेवण झालं की ते त्याच्यासमोर बसत आणि दोघं एकमेकांकडे बघत राहत. मालकीणबाई भाकरी थापता थापता म्हणत, "माझ्याकडं लग्नातबी एवढं बघितलं न्हाई ह्या माणसानं."

उन्हाळा लागला, टँकर एक दिवसाआड येऊ लागला, पत्रा तापला आणि गुहिऱ्याचा उजवा डोळा सुजला. मग डावाही मिटला. अळी समोर धरली तरी जीभ भलतीकडेच जायची. पुढे पुढे त्याने जीभ काढणंच सोडलं. फासळ्या मोजता येतील इतका तो वाळला. मालकांचं जेवण सुटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी फर्मान काढलं : राखणदार आंधळा झाला आहे, तो बरा होईपर्यंत वर कुणी झोपायचं नाही. प्रवेश परीक्षेआधीच्या सराव परीक्षांच्या ऐन भरात सगळी पोरं गाद्या, पुस्तकं आणि मच्छरदाण्या घेऊन पत्र्याखाली आली. एकाचे वडील तणतणत आले. "आमी खोली घेतली का छावणी?" मालक हात जोडून म्हणाले, "खोली तुमचीच हाय साहेब. फक्त तिच्यात झोपू नगा."

तेव्हा गुहिरा बरा करणं ही सगळ्यांचीच निकड झाली. माझा खोलीमित्र उमरीचा. शिकवणीतल्या जीवशास्त्राच्या परीक्षांत त्याचा पहिला नंबर कधी हुकला नव्हता. त्याने प्रश्नपत्रिका वाचावी तसा गुहिरा वाचला. "डोळ्याचा विकार, म्हणजे अ जीवनसत्त्वाची कमतरता. स्रोत : गाजर." सगळ्यांनी माना डोलावल्या, कारण सगळ्यांच्या नोट्स एकाच सरांच्या होत्या. गाजर किसलं. गुहिऱ्याने वास घेऊन तोंड फिरवलं. रस काढून ओठाला लावला, तर गुहिरा रागाने काळाठिक्कर पडला. उमरीवाला चिडला. "उत्तर तर बरोबर हाय लेका! हा खाईना त्याला मी काय करू?" मग त्याने औषधाच्या दुकानातून जीवनसत्त्वाच्या तेलाच्या गोळ्या आणल्या आणि एक फोडून थेट डोळ्यात पिळायला निघाला. मालकांनी त्याचं मनगट धरलं. "डोळा हाय त्यो, दिवा न्हाई तेल घालायला."

शेवटी फांदीसकट गुहिरा रिक्षात घालून आम्ही जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो. बाहेर म्हशींची रांग होती. "मी बैलाचा डॉक्टर आहे हो," ते हसत म्हणाले. पण मग चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ बघत बसले आणि त्यांनी पुण्यातल्या कुणा वर्गमित्राला फोन लावला. मिठाच्या निर्जंतुक पाण्याने त्यांनी पापणीवरची खपली भिजवून काढली, तेलाचा इवलासा थेंब मोजून तोंडात दिला आणि उरलेल्या गोळ्या आमच्याकडून काढून घेतल्या. जास्त झालं तर हेच तेल जीव घेतं म्हणाले. "जीवनसत्त्वाचं तुमचं बरोबर आहे. पण हा गाजर खात नाही. गाजर किड्याला घाला, किडा याला. नुसत्या पिठातल्या अळ्यांवर किती दिवस काढेल? आणि पाणी फवारा, डोळा धुतला गेला पाहिजे. खायला लागला की झाडावर सोडा. पाळायचा प्राणी नाही हा." शेवटचं वाक्य ऐकताना मालक दाराकडे बघत होते.

मग घरात नवा कारखाना सुरू झाला. पोरं घासाच्या वावरातून नाकतोडे धरून आणत, त्यांना गाजर आणि शेवग्याचा पाला खाऊ घालत आणि मालक ते पोट भरलेले नाकतोडे गुहिऱ्याच्या तोंडाशी धरत. न्हाव्याकडून मागून आणलेल्या फवाऱ्याने त्याच्यावर दिवसातून कितीदा पाणी उडे. त्या पाण्यासाठी मालकांनी स्वतःची आंघोळ आखडती घेतली. मालकीणबाईंनी हे शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. डॉक्टर येऊन तेलाचा थेंब देऊन जात. किती दिवस असं चाललं आठवत नाही. पण एका सकाळी सुजेच्या मधोमध टाचणीच्या डोक्याएवढी फट दिसली. ती फट फिरली. त्या दिवशी धरायची पाळी माझी होती; माझ्या चिमटीतला नाकतोडा कधी गेला ते मला कळलंच नाही. पोरांनी अशी आरोळी ठोकली की गल्लीतले लोक घराबाहेर धावले.

पोरं गाद्या घेऊन वर गेली. मालक तिथेच बसून राहिले. आता मी कायद्याचं पुन्हा काढणार होतो, तोच ते म्हणाले, "इतके दिस मीच जागून ह्याच्याकडं बघत व्हतो. कोण कोणाची राखण करून राहिलं, सांग बरं?" आणि ते स्वतःच फांदी उचलून उठले.

एरंड जवळच होता, पण गुहिरा त्यांना तिथे सोडायचा नव्हता. जीपने आम्ही किल्लारीला गेलो. नव्या गावात न थांबता जुन्या गावठाणात. दगडांचे ढीग, त्यांतून वाढलेल्या बाभळी, बोरी. एका बाभळीवर त्यांनी फांदी टेकवली. गुहिरा डोलत डोलत पानांत गेला आणि हिरवा झाला. "तवा हितं राखणीला कुणी नव्हतं," मालक म्हणाले. आता राखावं असंही तिथे कुणी उरलं नव्हतं.

निघताना जवळची वाट म्हणून मी दगडांवरून सरळ चाललो होतो. त्यांनी माझा दंड धरला. "तिकडून नगं," ते हळूच म्हणाले. "वळसा घालून ये. तितं माय झोपायची."